एकही लीख नव्हती

गिमारास बेट
९ फेब्रुवारी १९९३

तिया पासिंग,

पाकिटावरचं अक्षर बघून हे पत्र चुलीत घातलं नसशील, तर वाच. मीच. लुदी, तुझी भाची. जिवंत आहे. तीन वर्षांत एक ओळ नाही आणि आता लिहायला बसले ती कोंबड्यांच्या उवांबद्दल, म्हणून तू हसशील. हस. पण उत्तर लवकर पाठव, कारण कोंबड्या माझ्या नाहीत.

आधी मी इथे कशी ते सांगते. घरातून निघाले आणि मासे सुकवायच्या कामाला लागले, मग तिथून एका फिरत्या जत्रेबरोबर. ज्या गावच्या संताचा सण, त्या गावात आमचा पाळणा आणि आमचे तंबू. मी रिंगा फेकायच्या दुकानावर होते. बाटलीच्या गळ्यात रिंग पडली की साबणाची वडी बक्षीस. पडत नाही, तिया. रिंग बाटलीच्या तोंडाहून फक्त नखभर मोठी असते. हे कुणाला सांगू नकोस. एका गावात एक सुतार सलग तीन संध्याकाळी यायचा. साबण नको म्हणायचा, फक्त एकदा रिंग पडली पाहिजे. शेवटच्या दिवशी मी त्याला हात पुढे करून उभं राहायला दिलं. बरं, ते असो.

नोव्हेंबरात इथे मला ताप भरला. हाडं मोडणारा. जत्रा काही कुणासाठी थांबत नाही. ती बोटीत चढली आणि मला चर्चच्या पायरीवर बसवून गेली. तिथे इथल्या एक म्हाताऱ्या बाई, नानाय इस्का, माझ्या पायांना अडखळल्या. मोतीबिंदूमुळे त्यांना दिसत नाही. म्हणाल्या, "कुणाचं पोतं टाकलंय हे वाटेत?" मी म्हणाले, "माझंच." तेवढ्यावर त्या मला घरी घेऊन आल्या. एकट्याच राहतात. बारा कोंबड्या होत्या, त्यातली एक माझ्यासाठी कापली. कच्ची पपई, आलं, शेवग्याचा पाला, गरम रस्सा. मी डोळे उघडले ते त्या वाटीसमोर. म्हणून आता कोंबड्या अकरा, आणि कोंबडा एक.

मागच्या आठवड्यात त्यांच्या भाच्यानं त्यांना इलोइलोला नेलं, डोळे करायला. आधी एक, मग थांबायचं, मग दुसरा. ईस्टरनंतर येतील. होडीत बसता बसता माझं मनगट धरलं (पोरीला इंदाय म्हणतात त्याही, तुझ्यासारख्या) आणि म्हणाल्या, "इंदाय, या कोंबड्या मी कधी बघितलेल्याच नाहीत. मला दिसायचं बंद झालं तेव्हा यांच्या आया अंड्यात होत्या. हाताला कळतात तेवढ्याच. डोळ्याची पट्टी निघाली की कुणी मला समुद्र दाखवो नाहीतर पाद्री दाखवो, मला आधी माझ्या कोंबड्या बघायच्यात. सांभाळशील ना?"

मी म्हणाले, सांभाळीन. तिया, मी आजवर कुणाला असलं काही म्हणाले नव्हते.

आणि आता या कोंबड्या दिवसभर चोचीनं अंग उकरतात. शेपटीखाली पिसं झडून कातडं लाल झालंय. अंडी निम्मी झाली. एकीचं नाव रेशीम, नानायनं हातानं ठेवलेलं नाव, फार मऊ आहे. तिचा तुरा आधी मिरचीसारखा होता, आता उकडलेल्या कोळंबीसारखा फिका पडलाय. तुझ्या कोंबड्यांना कधी काही झालेलं मला आठवत नाही. काय करू?

माझे केस खांद्याखाली आलेत. मे महिन्याच्या मिरवणुकीत मला एका संध्याकाळपुरती राणी व्हायचं होतं आणि तू दोन दिवस आधी उवा झाल्या म्हणून माझं डोकं भोपळ्यासारखं करून टाकलंस, त्याचा राग अजून आहे. पण कोंबड्यांनी तुझं काही बिघडवलेलं नाही.

लुदी


अंतिके
१७ फेब्रुवारी

इंदाय,

पत्र चुलीत घातलं नाही. चूल पेटलेली नव्हती.

आधी बघायला शीक. तू लहानपणापासून बघत नाहीस, नुसती पळतेस. कोंबडी काखेत धर, शेपटीखालची पिसं फुंकर मारून उलटी कर. गव्हाळ रंगाचे चपटे किडे पळताना दिसले आणि पिसांच्या मुळाशी साबुदाण्यासारखे पांढरे पुंजके दिसले, तर त्या उवा आणि लिखा. त्या कोंबडीच्याच अंगावर राहतात. पण तुरा फिका पडलाय म्हणतेस, म्हणजे दुसरंही काही आहे. ते किडे मिरीच्या पुडीएवढे असतात, रक्त प्यायले की लाल. दिवसा अंगावर सापडत नाहीत. कोंबड्या ज्या दांडीवर बसतात तिच्या फटीत लपतात. दांडीला पांढरं फडकं गुंडाळून ठेव आणि सकाळी उलगड. लाल ठिपके चालताना दिसतील.

कोंबड्यांच्या अंगाला रॉकेल लावू नकोस. कुणीतरी सांगेलच. सीताफळाच्या बिया वाटून लावायला पण सांगतील. त्याही नकोत. डोळ्यात गेलं तर कोंबडी आंधळी होते. त्या घरात आंधळेपण पुरेसं झालंय.

चुलीची राख घे. गार झालेली, चाळलेली, कोरडी. ओल्या राखेनं कातडं भाजतं. निम्मी राख, निम्मी बारीक सुकी माती, गुडघाभर खड्डा. त्या आपण होऊन लोळतील. पहिल्या दिवशी मात्र एकेक धरून पंखाखाली आणि शेपटीखाली हातानं चोळ. घरट्यातलं जुनं गवत जाळ. दांडी बांबूची असेल तर काढ. बांबू आतून पोकळ, त्यांची अख्खी वस्ती आत असते. कुंपणाला गुलाबी फुलांचं काकवातेचं झाड असेल, त्याची भरीव फांदी दांडीला लाव आणि त्याचाच पाला घरट्यात घाल. खांबांच्या फटींत उकळतं पाणी ओत.

आणि हे सगळं आठव्या दिवशी परत. राखेनं किडे मरतात, अंडी मरत नाहीत. आठवड्यात ती फुटतात. आठवा दिवस चुकला तर पहिला दिवस फुकट. त्यानंतर आणखी एकदा.

एक विचारते, त्याचं उत्तर आधी दे. तू झोपतेस कुठे? कोंबड्यांची दांडी तुझ्या चटईच्या खाली आहे का?

केसांबद्दल लिहिलंस ते वाचलं.

पासियेंसिया


गिमारास
२६ फेब्रुवारी

तिया,

तुझं पत्र यायच्या आदल्या दिवशीच मी एकीला रॉकेल लावलं होतं. दुकानवाले तियो बेरिंग म्हणाले, "एक पळीभर, इंदाय, आणि बघ कशा नाचतात." नाचली खरी. मग चोच उघडी टाकून पडून राहिली. साबणाच्या पाण्यानं धुतली, उन्हात मांडीवर घेऊन बसले. वाचली. तियो बेरिंगना सांगायला गेले तर म्हणतात, "मी कोंबडीला लाव म्हटलं नव्हतं, उवांना लाव म्हटलं होतं."

फडकं गुंडाळलं. सकाळी उलगडलं तर कुणी वर तांबडं तिखट सांडल्यासारखं, आणि तिखट चालत होतं. मी फडकं टाकून पार विहिरीपर्यंत पळाले. तिथे एक घोरपड होती, एवढी मोठी, ती माझ्याकडे बघत बसली, मी तिच्याकडे. बरं. परत आले. बांबूची दांडी काढून चिरली. आत काय होतं ते लिहीत नाही, तू जेवायला बसली असशील.

राखेचं काम नेमकं राखेच्या बुधवारी काढलं. मुद्दाम नाही, मला वारच आठवत नव्हता. एकेक कोंबडी धरायची, राखेत चोळायची, सोडायची. ती पंख झाडणार, मी खोकणार. कोंबड्याचं नाव कापितान आहे, कारण तो गावचा कारभार बघणाऱ्या कापितानसारखा काम न करता ओरडतो. त्याला धरायला मला तीनदा घराला फेरा घालावा लागला. दुपारी लोक कपाळाला राखेचा क्रूस लावून चर्चहून परतत होते आणि कुंपणाशी थांबत होते. मी डोक्यापासून पायापर्यंत राखाडी. तियो बेरिंग ओरडले, "पाद्री बोटभर लावतो, तू तर पापी आख्खेच्या आख्खे पुरलेस!" एका म्हातारीनं कापितानकडे बघून क्रूस केला. खरं सांगते, मी इतकी कधी हसले नव्हते. संध्याकाळी त्या सगळ्या आपणहून खड्ड्यात लोळल्या, डोळे मिटून, एक पाय वर करून. देवा, किती सुख असतं एखाद्याच्या चेहऱ्यावर.

तू विचारलंस ते. हो, दांडी माझ्या चटईच्या बरोबर खाली होती. बांबूच्या पट्ट्यांची जमीन, फटीतून कोंबड्या दिसतात. माझ्या मानेवर आणि कानांमागे लाल पुळ्या आल्यात. तू केस कापलेस तेव्हा आल्या होत्या तशाच. तसंच खाजतं. म्हणजे मला परत उवा झाल्या बहुतेक. फक्त इथे कुणी कात्री घेऊन उभं नाही.

रेशीमनं नऊ अंडी घातलीत आणि डाल्यात फुगून बसते. दोन दिवसांत रवणीला, अंडी उबवायला, बसेल. आठवा दिवस येत्या बुधवारी, लक्षात आहे.

लुदी


अंतिके
५ मार्च

इंदाय,

कात्रीला हात लावू नकोस. कुणाला लावूही देऊ नकोस. बारीक दातांची फणी घे, पांढरा कागद पसर, केस पुढे घेऊन मुळापासून विंचर. कागदावर काय पडतं ते मला कळव. जे पडेल तेच लिही.

चटई घराच्या दुसऱ्या टोकाला ने. पांघरूण उकळ.

रवणीला बसलेली कोंबडी सगळ्यात धोक्यात असते. ती उठत नाही, राखेत लोळत नाही, किड्यांना आयतं ताट. तिचं डालं खांबापासून लांब टांग. रोज दोन्ही हातांनी उचलून बघ.

बुधवार पाळलास का?

पासियेंसिया


गिमारास
११ मार्च

तिया,

सगळं ठीक आहे. काम फार आहे. नंतर लिहीन.

लुदी


अंतिके
१६ मार्च

इंदाय,

तू "सगळं ठीक आहे" असं एका ओळीत कधी लिहीत नाहीस. सगळं ठीक असतं तेव्हा तुझ्या पत्रात घोरपड असते.

कोणती मेली?

पासियेंसिया


गिमारास
२१ मार्च

तिया,

रेशीम.

त्या बुधवारच्या आदल्या दिवशी, मंगळवारी, बंदरावर जत्रा उतरली. माझीच जत्रा. पाळणेवाला जुनिओर मला बघून म्हणाला, "अगं, तुला तर आम्ही मेलेली धरलं होतं! मेणबत्ती पण लावली. मेणबत्ती परत दे." मला एवढा आनंद झाला. म्हटलं, एक संध्याकाळ. मग रिंगांच्या दुकानावरच्या पोरीचा हात भाजला म्हणून दुसरी संध्याकाळ. मग मला वाटतं गुरुवार होता, आणि मग रविवार. बुधवार मधे कुठेतरी गेला. तियो बेरिंगना दाणे टाकायला सांगून गेले होते. दाणे त्यांनी टाकले. बाकीचं मी सांगितलंच नव्हतं.

सोमवारी सकाळी परत आले तर रेशीम डाल्यात होती. मान आत घेतलेली. मी बोलले तर डोळा उघडला. उचलली. तिया, ती कागदाच्या पिशवीएवढी हलकी होती. पोटाखालची पिसं लाल किड्यांनी भरलेली, आणि तुरा पांढरा. मी तिला राख लावली, गूळपाणी पाजलं, दुपारपर्यंत छातीशी धरून बसले. ती माझ्या हातात गेली. शेवटपर्यंत डाल्याकडे बघत होती. नऊ अंडी तिनं एक क्षण सोडली नव्हती, आणि मी पाच दिवस सोडून गेले होते.

अंडी अजून कोमट होती. जाडी नावाची एक खुडूक झाली होती. तिला आधी राखेत घोळली, नवं डालं, काकवातेचा पाला, आणि अंडी तिच्याखाली सरकवली. उद्या-परवा कळेल. बाकीच्यांना त्याच सोमवारी राख, आठव्या दिवशी परत. रात्री फडकं गुंडाळते. काल सकाळी फडक्यावर दोनच होते.

आता खरं लिहिते. मी पिशवी भरली होती. तियो बेरिंगना किल्ली द्यायची आणि जत्रेमागून जायचं. नानाय येऊन बघतील, त्यांच्या भाच्याला विचारतील, आणि मी तोवर तिसऱ्या बेटावर. मी असंच करते, तुला माहीत आहे. पिशवी अजून दाराशी आहे. ज्या बाईनं माझ्यासाठी बारावी कापली, तिला अकरावीचं मी कसं सांगू? तिनं फक्त एवढंच मागितलं होतं की तिला त्या बघायच्यात.

आणि तू म्हणालीस ते केलं. पांढरा कागद पसरला, बारीक फणीनं मुळापासून विंचरलं. तीनदा. कागदावर राख पडली, एक काकवातेचं पान पडलं. उवा नाहीत. लीख नाही. चटई हलवल्यापासून पुळ्याही गेल्या.

मग तेव्हा माझ्या डोक्यात काय होतं, तिया?

लुदी


अंतिके
२९ मार्च

लुदिविना,

तेव्हाही काही नव्हतं.

ईस्टरआधी कबुली द्यायची असते. हे मी पाद्रीला तीन वर्षं सांगते आहे आणि त्यानं तीनदा माफ केलं. मी चुकीच्या माणसाकडे जात होते.

त्या वर्षी उदमांजर पिल्लं उचलून न्यायला लागलं. आठवतं? मी झाडावरच्या कोंबड्या घराखाली आणल्या आणि दांडी बांधली ती तुझ्या कोपऱ्याखाली, कारण तिथले दोन खांब मजबूत होते. पंधरा दिवसांत तू मान खाजवायला लागलीस. चर्चमध्ये खाजवायचीस, शाळेत खाजवायचीस. मिरवणुकीचे मुकुट चोलेंगकडे होते. ती चार बायकांत म्हणाली, "पासिंग, तुझ्या भाचीला मुकुट दिला तर पुढच्या वर्षी सगळ्या राण्या खाजवत चालतील." सगळ्या हसल्या. मी घरी आले, तुला स्टुलावर बसवलं आणि कात्री घेतली. तुझं डोकं बघितलं नाही. चोलेंगचं तोंड डोळ्यापुढे होतं, तेच बघत कापलं. तुझी आई गेली तेव्हा ती वेणी माझ्या हातात देऊन गेली होती, रोज मीच घालायचे. तीच मी मेंढीच्या लोकरीसारखी कापली.

तू रडली नाहीस. त्याची मला आजही भीती वाटते.

जूनमध्ये तू गेलीस. केस मी फडक्यात बांधून ठेवले होते. चॅपलमधल्या विर्हेनचे, मेरीमातेच्या मूर्तीचे, केस जुने झाले होते, विरळ. मला वाटलं निदान तिला द्यावे. तिला द्यायचे म्हणजे स्वच्छ हवेत. गुगोच्या सालीच्या फेसात धुतले, उन्हात वाळवले, आणि मग लिखा काढायला बसले. बारीक फणी, पांढरा कागद. सकाळी बसले ती संध्याकाळपर्यंत. बोटभर बोटभर घेऊन बघितलं. पूर्ण वेणी, इंदाय. एकही लीख नव्हती.

फणी खाली ठेवली. मग खाली जाऊन दांडी बघितली.

कोंबड्यांचं जे सगळं मी तुला लिहिलं ते मी त्या जूनमध्ये शिकले. आधी मलाही काही माहीत नव्हतं. तुझ्या लहानपणी आमच्या कोंबड्यांना काही झालेलं तुला आठवत नाही, कारण तेव्हा मी बघतच नव्हते. तुला म्हणते तू बघत नाहीस.

दरवर्षी मेमध्ये विर्हेन तुझे केस घालून मिरवते. सगळ्या राण्यांच्या मागे, सगळ्यात उंच, दिव्यांच्या मधे. चोलेंग मेणबत्ती धरून तिच्या मागून चालते आणि म्हणते काय सुंदर केस आहेत हे. मी तिला अजून सांगितलेलं नाही कुणाचे ते. ते तू सांग.

पत्ता नव्हता म्हणून लिहिलं नाही, असं म्हणता येईल. पण तुझं पत्र फेब्रुवारीत आलं, पत्ता होता, आणि मी तुला राख आणि बांबू लिहीत बसले. सांगायचं असलं की पहिला दिवस चुकतो, मग आठवा, मग तीन वर्षं. त्यांची अंडी फुटतच राहतात.

म्हणून त्या बाईला सांग. ती होडीतून उतरायच्या आत सांग. पिशवी दाराशी राहू दे, पण सांग. मी तिला ओळखत नाही. पण चर्चच्या पायरीवर अडखळून जिनं तुला उचललं, तिच्यासाठी मी रोज एक मेणबत्ती लावते. तुला ताप होता तेव्हा रस्सा मी पाजायला हवा होता; माझ्या हाताला ती जागा मिळाली नाही, तिला मिळाली. तिला माझं एवढं सांग.

मला माफ कर असं लिहीत नाही. तू आठव्या दिवशी परत बघ, आणि मग ठरव.

तुझी तिया


गिमारास
२४ एप्रिल

तिया,

तुझं पत्र मी कोंबड्यांच्या खड्ड्यापाशी बसून वाचलं. मग परत वाचलं. मग कापितान येऊन पाकिटावर उभा राहिला, त्याला हाकलला नाही. संध्याकाळी पिशवी उपसली.

तीन अंडी फुटली. सहा गेली. तीन पिल्लं म्हणजे चालते कापूस, त्यातलं एक इतकं मऊ आहे की जाडीही त्याच्याकडे संशयानं बघते.

नानाय मंगळवारी आल्या. काळा मोठा चष्मा, इलोइलोचा. मी पाण्यात गुडघाभर पुढे गेले आणि होडी टेकायच्या आत ओरडले, "नानाय, रेशीम मेली! माझ्यामुळे! मी जत्रेत गेले होते!" होडीतले सगळे माझ्याकडे बघायला लागले. नानाय म्हणाल्या, "अगं, आधी उतरू तर दे. एवढ्या वर्षांनी किनारा दिसतोय, तो तरी नीट बघू दे."

अंगणापर्यंत माझ्या खांद्यावर हात ठेवून चालल्या. मी सगळं बोलत होते, किडे, फडकं, बांबू, पाच दिवस. अंगणात आल्यावर त्या खाली बसल्या आणि डोळे मिटले. आता दिसतं, तरी मिटले. एकेक कोंबडी हातानं चाचपायची, नाव घ्यायचं, आणि मग डोळे उघडायचे. "ही जाडी... अगं बाई, काळी? मी तर तुला पिवळी धरून चालले होते." पिसं उलटी करून फुंकर मारली. पांढरं स्वच्छ कातडं. दुसरीचं बघितलं, तिसरीचं. दहाही. एक किडा नव्हता, तिया. मी त्या सकाळी तिसऱ्यांदा तपासल्या होत्या.

मग म्हणाल्या, "रेशीम कशी दिसायची?"

मी सांगितलं. उन्हात वाळत टाकलेल्या भातासारखी, आणि मानेवर तांबूस. पांढरट पाय. कुणी तिच्याकडे बघितलं की मान तिरकी करायची. मला स्वतःलाच माहीत नव्हतं मी तिला इतकं बघितलं होतं. नानाय ऐकत होत्या. चष्म्याखालून पाणी येत होतं. डॉक्टरांनी रडायला मनाई केली आहे, म्हणून मी गप्प झाले. तर म्हणाल्या, "थांबू नकोस, डॉक्टर इथे नाही."

नंतर म्हणाल्या, "बारावी मी तुझ्यासाठी कापली, अकरावी तुझ्यामुळे गेली. आता मोजू नकोस. न सांगता गेली असतीस तर मला दुखवलं असतंस. तू पाण्यात उतरून सांगितलंस." आणि माझ्याकडे वळून, चष्मा वर करून, वरपासून खालपर्यंत बघितलं. "म्हणजे हे ते पोतं! चर्चच्या पायरीवरचं! असं दिसतं होय?"

तुझा निरोप सांगितला. म्हणाल्या, "तिला सांग, तो रस्सा मी केला खरा, पण तापात ही सारखी एकच नाव घेत होती. तिया पासिंग, पासिंग. मला वाटलं असिन म्हणतेय, मीठ मागतेय." तापात मी तुला हाक मारत होते, हे मला तेव्हाच कळलं.

तू म्हणालीस आठव्या दिवशी परत बघ. मी बघितलं. राग शोधला, पिसं उलटी करून. थोडा आहे अजून, फटीत. राख घालू. पण तू सकाळपासून संध्याकाळपर्यंत बसून माझी वेणी विंचरलीस, हे मला रोज आठवतं. मला तू विंचरलेलं नेहमीच आवडायचं.

नानाय एक पिल्लू देतायत, तेच मऊ. "तुझ्या तियाला दे, म्हणावं तिनं शिकवलं म्हणून बाकीच्या राहिल्या." मी मेच्या मिरवणुकीला येते. राणी व्हायचं वय गेलं. मी मागून चालेन, चोलेंगच्या शेजारून, आणि पुढे माझे केस बघेन. मग तिला सांगेन.

पिल्लू डाल्यातून आणते. वाटेत कुठे थांबणार नाही. बहुतेक.

लुदी


अंतिके
३ मे

इंदाय,

मिरवणूक एकतीसला. "बहुतेक" काढून टाक.

पिल्लू आणशील ते आधी आठ दिवस आंब्याखाली वेगळं ठेवायचं, मग बाकीच्यांत. राख चाळून ठेवली आहे. त्या बाईला माझ्याकडून वाळवलेले मासे पाठवते, आणि तिला सांग, तापात तुला मिठाची गरज नव्हती.

घराखाली आता कोंबड्या नाहीत. तुझी चटई होती तिथेच आहे. फणी पण.

तिया